डमीसमोर मुली हसतात, तेव्हा चुकतं कुठे?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नर्सिंग कॉलेजात ट्यूटर म्हणून तुमचं हे दुसरं वर्ष. कॉलेजने काही लाखांची डमी (पेशंट म्हणून वापरायची माणसाएवढी बाहुली) आणली, 'या सेमिस्टरपासून सिम्युलेशन (म्हणजे डमीवर खोटा प्रसंग रचून शिकवणं) सुरू करा' असा प्राचार्यांचा निरोप आला, आणि चार बॅच घेऊन झाल्यावर तुम्ही लिहिता की अर्ध्या मुली हसतात, उरलेल्या खांबासारख्या उभ्या राहतात आणि शेवटी मलाच पुढे होऊन सगळं करून दाखवावं लागतं. मग विचारता की डमी आणखी भारीची घ्यायला हवी होती का, याला मार्क द्यावेत का, वॉर्डातले तास किती कमी करता येतील. आणि जाता जाता, पावसाळ्यात डमी सांभाळायची कशी.

मी गोव्यातच आधी स्टाफ नर्स आणि मग ट्यूटर अशी मिळून चोवीस वर्षं काढली आहेत, त्यातली शेवटची नऊ बरीचशी सिम्युलेशन लॅबमध्ये गेली. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या लिहिण्यात मला डमीची अडचण कुठेच दिसली नाही. तुम्ही दिलेला प्रसंग असा: 'एक रुग्ण सिरियस आहे, त्याची शुश्रूषा करा.' मुली आत येतात, तुम्ही चेकलिस्ट घेऊन पलंगाच्या पायथ्याशी उभ्या. ही झाली प्रॅक्टिकल परीक्षा. तिला नाव तेवढं नवं दिलंय. परीक्षेत घाबरलेली मुलगी एकतर हसते, नाहीतर गप्प होते. तुमच्या मुली अगदी बरोबर वागताहेत.

आधी एक कबूल करते. मी पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. बॅच ६० ची आहे की ३० ची, तुमच्यासोबत दुसरी ट्यूटर आहे की तुम्ही एकट्याच, पोस्टिंग बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजासारख्या मोठ्या इस्पितळात होतं की लहान नर्सिंग होममध्ये, मुली पहिल्या वर्षाच्या आहेत की शेवटच्या. पहिल्या वर्षाच्या मुलींना मी इमर्जन्सी देतच नाही. त्यांचा प्रसंग म्हणजे पलंगाजवळ जाणं, नाव विचारून ओळख पटवणं, हात धुणं, पेशंटच्या अंगावरची चादर न विचारता न ओढणं. यात नाट्य काही नाही, पण यातच त्या सर्वांत जास्त चुकतात.

भारीच्या डमीबद्दल लगेच सांगून टाकते. नर्सिंगच्या शिकवणीसाठी पहिली बाहुली अमेरिकेतल्या हार्टफर्ड इस्पितळाच्या नर्सिंग शाळेने १९११ साली वापरात आणली. ती बनवली मार्था चेस या बाहुल्या करणाऱ्या बाईने, म्हणून बाहुलीचं नावच पडलं मिसेस चेस. सीपीआर (छाती दाबून, श्वास देऊन जीव वाचवणं) शिकवायला आपण जी अ‍ॅन नावाची बाहुली वापरतो तीही १९६० मध्ये नॉर्वेच्या लेअर्दाल या खेळणी बनवणाऱ्याच्या कारखान्यातून आली. दोन्ही वेळी हात खेळणीवाल्यांचेच. डमी किती महाग आहे यापेक्षा तिच्याशी काय खेळायचं हे आधी ठरलेलं असावं लागतं. तुमची डमी श्वास घेते, नाडी देते, पलीकडून माइकवर बोलता येतं. पुष्कळ झालं.

आता खेळाचे नियम. मुलींना आत सोडण्यापूर्वी मी दहा मिनिटं घेते आणि ही दहा मिनिटं कधीच कापत नाही. डमीजवळ नेते, नाडी कुठे लागते, छातीचे आवाज कुठे ऐकू येतात हे त्यांच्या हाताने करवून घेते. डमीला काय जमत नाही तेही सांगते: हिची कातडी गार पडत नाही, ओठ निळे होत नाहीत, हात लावून विचारा, मी खरं उत्तर देईन. औषधांची ट्रॉली उघडून दाखवते. मग सांगते की इथे मार्क नाहीत, इथलं बोलणं या खोलीबाहेर जाणार नाही, आणि चूक झाली तर आपण बसून तिच्याबद्दल बोलू. हसू आलं तर? येऊ दे, पहिल्या मिनिटात येतंच. पेशंट बोलायला लागला की आपोआप जातं. मुलींचं हसणं बहुतेक वेळा 'हे खरं मानायचं की नाही' या गोंधळातून येतं. ते तुम्ही आधीच ठरवून दिलंत की निम्मं हसू तिथेच संपतं.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सुरुवातीच्या वर्षी, मी तेव्हा ज्या कॉलेजात होते तिथे, मी एका गटाची डमी मारून टाकली. मुलींनी ऑक्सिजन लावायला उशीर केला म्हणून मॉनिटरवरची रेघ सरळ केली आणि वर म्हटलं, 'बघा, गेला पेशंट.' त्यातल्या एका मुलीचे आजोबा महिन्यापूर्वीच इस्पितळात वारले होते. मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. ती मुलगी त्या दिवशी जी बाहेर गेली ती पुढे लॅबचं नाव काढलं की पोटात दुखतं म्हणायची. तेव्हापासून शिक्षा म्हणून मी पेशंट मारत नाही. मृत्यू हाच शिकवायचा विषय असेल, नातेवाइकांना कसं सांगायचं हे शिकवायचं असेल, तर आधी सांगून घेते आणि कुणाला बाहेर बसायचं असेल तर बसू देते.

आता एक प्रसंग जवळून दाखवते, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. तिसऱ्या वर्षाची बॅच, मे महिना. पेशंट वय ६२, सत्तरी तालुक्यातल्या एका गावच्या, मधुमेह, पायाला जखम म्हणून दाखल. केस पेपरवर लिहिलंय: सकाळी साडेसातला रेग्युलर इन्सुलिन दिलं. आत्ता साडेनऊ वाजलेत. डमीला नऊवारी गुंडाळलेली, कपाळावर आणि गळ्यावर स्प्रेच्या बाटलीने पाणी मारलेलं. लॉकरवर स्टीलच्या वाटीत पेज, वर ताटली झाकलेली, चमचा कोरडा. मी पडद्यामागे माइक घेऊन बसलेली. शिकायची गोष्ट एकच: इन्सुलिन आणि जेवण यांचा मेळ कोण बघतं? एवढ्यासाठी सगळा थाट.

तिघी आत आल्या. पहिलीने बी.पी. घेतलं, नाडी मोजली: ११२. 'मावशी, काय होतंय?' मी पडद्यामागून, 'बाय, माका घुंवळ येता,' म्हणजे चक्कर येतेय. तिने पंखा लावला. दुसरीने गॉजने कपाळ पुसलं, थोड्या वेळाने पुन्हा पुसलं. सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९८, म्हणजे ठीक दिसत असूनही पहिली ऑक्सिजनच्या मागे. सहाव्या मिनिटाला तिसरी, जी केस पेपर धरून कोपऱ्यात उभी होती, तिने ताटली उचलली. 'मावशी, तुम्ही पेज खाल्ली नाही?' मी म्हटलं, 'आयज एकादस न्हय गो बाय!' मग ग्लुकोमीटर आला. साखर ४६, म्हणजे फारच उतरलेली, हायपोग्लायसेमिया.

यानंतर त्या धावल्या त्या शिरेतून द्यायच्या २५ टक्के डेक्स्ट्रोजच्या (साखरेच्या द्रावणाच्या) मागे. पेशंट बोलतेय, गिळू शकतेय, तर आधी तोंडाने १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन लहान चमचे पाण्यात, आणि १५ मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची. शिरेतून डेक्स्ट्रोज लागतं ते पेशंट गुंगीत असेल, गिळता येत नसेल तेव्हा. हे त्यांना तोंडपाठ होतं, लेखी परीक्षेत दिलेलंही असणार. मी मुद्दाम अडून बसले, 'उपास मोडचो ना.' तेव्हा तीच तिसरी मुलगी म्हणाली, 'मावशी, साखरपाणी एकादशीला चालतं.' आणि पाजलं. ही ओळ माझ्या लिहिलेल्या प्रसंगात नव्हती. आता घातलीय.

प्रसंग दहा मिनिटांचा, त्यावरची चर्चा वीस मिनिटांची. तुम्ही लिहिलंय की शेवटी वेळ उरला तर चुका सांगते. इथेच सगळं उलटं आहे. मुली शिकतात ते नंतरच्या गप्पांत, डमीजवळ फक्त कच्चा माल तयार होतो. वेळ कमी असेल तर प्रसंग छोटा करा, गप्पा तेवढ्याच ठेवा.

त्या दिवशी मी घाम पुसणाऱ्या मुलीला म्हटलं, 'तू दोनदा घाम पुसलास. खोलीत एसी चालू आहे. मला वाटलं की घाम कशामुळे, हा विचार मागे राहिला असावा. तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं?' ती म्हणाली, 'टीचर, मला वाटलं मे महिना दाखवायला पाणी मारलंय. वॉर्डात तर सगळेच घामाने चिंब असतात.' मी गार पडले. खरंच की! आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये मेडिसिनच्या वॉर्डात घाम नसलेला पेशंट शोधावा लागतो. पुस्तकात 'घाम' हे लक्षण वाचलेल्या मुलीला रोजचा वॉर्ड उलटंच शिकवत होता. मग अर्धा वेळ आम्ही एवढ्यावरच बोललो: उकाड्याचा घाम आणि हा घाम कसा ओळखायचा? हात लावला तर कातडी गार लागते का, बोलणं तुटक होतंय का, हात थरथरतात का, शेवटचं कधी खाल्लं, आणि शंका आली की ग्लुकोमीटर काढायला कुणाची परवानगी लागते? 'घाम म्हणजे हायपोग्लायसेमिया, एवढं पाठ नाही?' असं मी विचारलं असतं तर ती 'सॉरी टीचर' म्हणाली असती आणि तिच्या डोक्यातलं मला कधीच कळलं नसतं.

विचारण्याच्या या पद्धतीवर बॉस्टनच्या सेंटर फॉर मेडिकल सिम्युलेशनच्या मंडळींनी बरंच काम केलंय. मी मराठीत तीन पायऱ्या करून ठेवल्यात: मला काय दिसलं, मला काय वाटलं, तुझ्या मनात काय होतं. तिसरा प्रश्न विचारून गप्प बसायचं. मनात दहा मोजा. पहिल्या काही वेळा फार जड जातं, कारण आपल्याला सांगायची सवय.

आणखी एक गोष्ट त्याच चर्चेत निघाली. तिसऱ्या मुलीने पेज दुसऱ्याच मिनिटाला पाहिली होती. चार मिनिटं ती बोलली नाही. का? कारण बी.पी. घेणारी वर्गात पहिली येते. 'तिला माहीत असेल असं वाटलं.' वॉर्डातही हेच होतं, फक्त तिथे समोर सीनियर सिस्टर असते किंवा डॉक्टर. म्हणून माझ्या जवळजवळ प्रत्येक प्रसंगात आता फोन असतो. लॅबच्या इंटरकॉमवर पलीकडे मी डॉक्टर होऊन बसते, जरा घाईत, जरा त्रासलेली. पहिला फोन हमखास असा येतो: 'सर, पेशंट बरा नाही, तुम्ही येता का?' मग एसबार (SBAR), म्हणजे पेशंटबद्दल नेमकं सांगायची चार पायऱ्यांची रीत, शिकवायला दोन मिनिटं पुरतात: आत्ता काय झालंय, मागचं थोडक्यात, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं. ही रीत अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांतून इस्पितळांत आली असं सांगितलं की मुलींना गंमत वाटते आणि लक्षातही राहते. भाषेचंही इथेच बघा. पेशंट कोकणीत सांगतो, मुलगी मनात मराठीत करते, फोनवर इंग्रजीत बोलते, आणि 'घुंवळ' चं मधल्यामध्ये 'वीकनेस' होऊन जातं. चक्कर की अशक्तपणा, डॉक्टरने कशावरून ठरवायचं?

माणसं वापरा, हे माझं दुसरं ठाम मत. खरा माणूस पेशंट म्हणून बसवायची कल्पना हॉवर्ड बॅरोज या डॉक्टरांनी १९६३ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केली. गोव्यात तर आपल्याला नटांची ददात नाही. जत्रेला नाटक झालं नाही असं गाव दाखवा! मी एकदा आमच्या गावातल्या एका कसलेल्या नटाला पेशंटचा मुलगा म्हणून बोलावलं. गृहस्थ असे काही रडले की मुली पेशंटला सोडून त्यांना पाणी द्यायला धावल्या, आणि ते उठून मॉनिटरला नमस्कार करून आले. चूक माझी. आता मी नटाला तीनच वाक्यं आणि एकच सूचना देते: तुम्हाला राग आलाय, पण आवाज चढवायचा नाही. मुलींचं कौशल्य बाहेर येतं ते या दबलेल्या रागापुढे. नट मिळाला नाही तर शिपाईमामा, लॅब असिस्टंट, कुणीही चालतं.

खर्च न करता होणारा एक धडा तुम्ही पुढच्याच आठवड्यात घ्या. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. नैसर्गिक प्रसूतीनंतर ५०० मिलीलिटर किंवा जास्त रक्त गेलं तर धोका, हे सगळ्यांना पाठ. दोन लिटर पाण्यात कॉर्नफ्लोअर शिजवून खायचा लाल रंग घाला. मोजून ३०० एका पॅडवर, ५०० चादरीवर, ८०० निम्मं गादीवरच्या प्लास्टिकवर आणि निम्मं बादलीत, असं ओता आणि मुलींना कागदावर अंदाज लिहायला सांगा. माझ्याकडे ८०० ला बहुतेक चारशेच्या आत लिहितात. सीनियर स्टाफही. मग भिजलेले पॅड वजन काट्यावर ठेवून कोरड्या पॅडचं वजन वजा करायला लावा. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिलीलिटर. ज्या मुलीने स्वतःच्या हाताने ३५० लिहून मग काट्यावर खरा आकडा पाहिला, तिला पुन्हा सांगावं लागत नाही. रंगासाठी कोकमाचं आगळ वापरायचा मोह मलाही झाला होता. रंग सुरेख येतो, पण चादरीचा डाग जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी डमीला मुंग्या.

६० मुली आणि एक डमी, हा हिशेब तुम्हाला छळत असणार. सहाचा गट करा. तिघी आत, तिघी बाहेरून बघणाऱ्या, पण बघणाऱ्यांच्या हातात काम द्या: एक फक्त पेशंटशी काय बोललं गेलं ते लिहील, दुसरी वेळा नोंदवेल, तिसरी औषधांवर नजर ठेवेल. दहा मिनिटं तयारी, दहा प्रसंग, वीस चर्चा, पाच आवराआवर. दहा गटांचे साडेसात तास, म्हणजे दोन दिवस. एका दिवसात उरकायला गेलात तर चर्चाच कापली जाईल, आणि पुन्हा तुम्ही चेकलिस्ट घेऊन पायथ्याशी.

वॉर्डातल्या तासांबद्दल. २०१४ साली अमेरिकेतल्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने १० नर्सिंग शाळांतला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्यापर्यंत क्लिनिकल (वॉर्डातले) तास सिम्युलेशनने भरून काढले तरी मुली मागे पडल्या नाहीत. हा ५० टक्क्यांचा आकडा सभांमधून फार फिरतो. त्यापुढची अट कुणी सांगत नाही: शिकवणारे खास प्रशिक्षित होते, सामग्री आणि माणसं पुरेशी होती, प्रत्येक प्रसंगानंतर पद्धतशीर चर्चा होत होती. दोन ट्यूटर आणि एक डमी असलेल्या आपल्या कॉलेजाला तो आकडा लावायचा नाही. इंडियन नर्सिंग काउन्सिलच्या सेमिस्टर पद्धतीच्या अभ्यासक्रमात स्किल लॅब आणि सिम्युलेशनला जागा आहे. प्राचार्यांसोबत बसून तुमच्या विषयाचे तास त्यातच नीट बघा आणि त्यापलीकडे वॉर्डाला हात लावू देऊ नका. जखमेचा वास, रात्रपाळीत चार वाजता येणारी झापड, एका पेशंटभोवती आठ नातेवाईक, बेडपॅन मागताना म्हाताऱ्याला वाटणारी लाज, हे डमीपाशी नाही. मी सिम्युलेशन पोस्टिंगच्या आदल्या आठवड्यात ठेवते. डायबेटिसचा प्रसंग झाला की सोमवारी मेडिसिन वॉर्ड. लॅबमध्ये घाबरून झालं की वॉर्डात डोळे उघडे राहतात.

मार्क देऊ नका. प्राचार्यांना कागदावर काही हवं असेल तर हजेरी आणि मुलीने स्वतः लिहिलेलं एक पान द्या: मी काय पाहिलं, काय सुटलं, वॉर्डात काय बघणार. परीक्षा घ्यायची असेल तर ओएससीई (ठरलेल्या कामांची टप्प्याटप्प्याने घ्यायची प्रॅक्टिकल परीक्षा) वेगळ्या दिवशी, वेगळ्या खोलीत, जमल्यास वेगळ्या ट्यूटरने. त्याच पलंगाशी त्याच टीचरने कधी मार्क दिले आणि कधी दिले नाहीत, तर मुली दोन्ही वेळा परीक्षाच समजतात.

सुरुवातीला एवढंच धरा: एक प्रसंग, शिकायची एकच गोष्ट, सहाचा गट, चर्चेला दुप्पट वेळ. तोच प्रसंग तीन-चार बॅचना घ्या. चौथ्या वेळी तुम्हालाच कळेल की कुठलं वाक्य गाळायचं आणि पेजेची वाटी कुठे ठेवायची.

राहता राहिला पावसाळा. डमीच्या कातडीला जूनपासून बुरशी येते, विशेषतः मानेखाली आणि बोटांच्या बेचक्यांत. आयव्हीचा (शिरेत सुई लावायला शिकायचा) हात वापरून झाला की नळीतलं पाणी पूर्ण काढा, सिरिंजने हवा मारून सुकवा, रंगीत पाणी रात्रभर आत राहू देऊ नका. कपडे काढून ठेवा, ओलसर नऊवारी तर मुळीच ठेवू नका. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्यातून दोनदा डमी बाहेर काढून एसीत तासभर. बॉलपेन आणि छापील कागद तिच्या अंगाला लागू देऊ नका, शाई कातडीत मुरते आणि निघत नाही. आमच्या डमीच्या डाव्या दंडावर अजून एका मुलीचा रोल नंबर आहे. वीज जाऊन परत आली की डमीचा हवेचा कॉम्प्रेसर लगेच चालू करू नका, आणि यूपीएसची बॅटरी चतुर्थीच्या सुट्टीआधी तपासून घ्या.